मयताला भाऊ किती?

भंतेजी, सरपंचसाहेब, शांताबाई, आनंद, आणि विहारासमोरच्या या मांडवात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबाप मंडळींनो.

माझं नाव पुकारलं तवा मी चपला शोधून राह्यलो व्हतो. खरं सांगतो. म्हणलं, कोणाच्या ध्यानात यायच्या आत फाट्यावर जाऊन उभं राहावं आणि पिंपळगावची गाडी धरावी. पण आनंदनं माईकवर नाव घेतलं आणि तुम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. आता उठलोच हाये तर बोलतो. माझ्याआधी बोलले ते शिकलेले लोक. त्यांनी चांगलं चांगलं सांगितलं. मला तसं जमत न्हाई. मधी थांबलो तर खोकला आला असं समजा.

मी कचरू. पिंपळगाव रेणुकाईचा. शेती करतो. ज्याच्या फोटोला आज आपण हार घातला, तो सुखदेव माझा कोणी लागत न्हाई. सोयरा न्हाई, भावकीतला न्हाई, गावचा न्हाई, जातीचा न्हाई. हे मी माझ्या मनानं सांगून न्हाई राह्यलो. जालन्याच्या कोर्टात शपथेवर लिहिलेलं हाये. त्यानंच सांगितलं, आणि मीच त्याला सांगायला नेल्तं.

मंग मी इथं कशाला आलो? तेच सांगतो.

मंडळी, मी या माणसावर जळलो. चांगला पोटातून जळलो. आणि आज त्याच्या पुण्यानुमोदनाला उभा राहून सांगतो, अजूनबी जळतो. माणूस गेला की मनातलं सगळं निवतं म्हणतात. कशाचं निवतं? त्या फोटोकडं पाहा. हसून राह्यलाय. त्याच्याकडं पाहिलं की मला वाटतं, याला सगळं माहीत व्हतं आणि मला काहीच न्हाई.

माझा एकच भाऊ. धाकटा. रंगनाथ. नव्या पोरांना माहीत नसंल म्हणून सांगतो. गवंडी व्हता. आमच्या घरात कोणी थापी धरली न्हाई, यानं धरली. त्यानं केलेल्या गिलाव्यावरून हात फिरवला तर हाताला काही लागायचं न्हाई, इतका साफ. लग्न झालं, लेकरू झालं, आणि याच्या डोक्यात दुबई शिरली. आपल्याकडं सगळ्याला दुबईच म्हणतात. कुवेतला गेला तरी दुबई. हा गेल्ता मस्कतला. मायनं नको म्हणलं, मी नको म्हणलं. म्हणला, जाऊन पाहू तर द्या, न्हाई पटलं तर येतो जल्दी.

मुंबईला एजंटाच्या दारात रांग व्हती. पुढच्यानं मागं वळून विचारलं, "कुठले?" हा म्हणला, "भोकरदन तालुका." पुढचा म्हणला, "मीबी. केदारखेडा." झालं. तो पुढचा म्हणजे सुखदेव. एवढ्या मोठ्या मुंबईत याला दुसरा माणूस सापडला न्हाई.

मंग काय विचारता. एक कंपनी, एक खोली, एक चूल. रंगनाथ सुट्टीवर यायचा तवा घरात नुसतं सुखदेव, सुखदेव. माय वरण वाढायची, विचारायची, "कसं झालंय रे?" हा म्हणायचा, "चांगलं झालंय माय, पण सुखदेव यात जरा चिंच घालतो." मी बैल दाखवायला न्यायचो, तर म्हणायचा, "सुखदेव म्हणतो पांढऱ्या बैलाचा खांदा नाजूक असतो." अरे, सुखदेवला काय माहीत माझा बैल! एकदा मी ताटावरून उठलो. म्हणलं, सुट्टी तरी कशाला घेतली, तिथंच राहायचं ना चिंचेचं वरण खात. तो हसला. माय रागवली, ते मलाच.

आनंद, तू हसून राह्यला. हस. तुझा बाप या गोष्टीवर असाच हसायचा.

आणि मंग ते झालं. बांधकामावरची परांची तुटली. रंगनाथ वरून पडला आणि गेला. तवा आमच्या गावात फोन नव्हता. तुमच्या इथं केदारखेड्याच्या फाट्यावरच्या दुकानात व्हता. सुखदेवनं मस्कतवरून तिथं फोन केला, आणि त्याचा म्हातारा बाप एसटीनं आमच्या दारात आला. पटका काढून हातात धरल्याला. उभाच राह्यला. मायनं त्याच्या हातातला पटका पाहिला आणि खाली बसली.

आता पाहा, माझा भाऊ मेलेला आधी केदारखेड्याला कळला. पिंपळगावला नंतर कळला. त्या म्हाताऱ्याचे मोठे उपकार, पण माझ्या मनात त्याही वक्ताला हेच आलं. मला खोटं बोलता येत न्हाई.

तिथं कंपनीवाले म्हणले, आपल्या लोकांची जाळायची जागा इथंबी हाये, इथंच करून टाका, अस्थी पाठवून देऊ. आमच्या गावातबी लोक म्हणले, बराबर हाये, कशाला तेवढा खटाटोप. सुखदेवनं ऐकलं न्हाई. तो तिथं अडून बसला. म्हणला, "मायला तोंड दिसलं पाहिजे." आमची माय तवा काही बोलायच्या ठिकाणावर नव्हती. तिला विचारायच्या आधी याला कसं माहीत? रंगनाथनं सांगून ठेवल्तं त्याला, मला तोंड दाखवल्याबिगर जाळू नको म्हणून. मला न्हाई सांगितलं कधी. मी थोरला. मला सांगायला पाहिजे का न्हाई?

आता मोठी गोष्ट ऐका. दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं, "कौन है इसका?" तो कारकून हैदराबादेकडचा. त्याला पाहून सुखदेवला जरा धीर आला. म्हणला, "भाई हूं."

मंडळी, आपल्याकडं भाऊ कोणाला म्हणत न्हाईत? कंडक्टरला भाऊ म्हणतो. वांगी विकणाऱ्याला भाऊ म्हणतो. ज्याच्याशी बांधावरून डोकं फोडायची पाळी येते त्यालाबी आधी "ओ भाऊ" म्हणतो आणि मंग डोकं फोडतो. सुखदेव त्या सवयीनं बोलून गेला. पण परदेशातलं सरकार भाऊ म्हणजे भाऊच समजतं. आडनाव वेगळं हाये हे तिथं कोण पाहतं? कारकुनानं भाऊ लिहिलं. ते पाहून पोलिसांनी भाऊ लिहिलं, ते पाहून वकिलातीनं लिहिलं. मी नंतर सुखदेवला विचारलं, "सवयीनं म्हणला का मनानं म्हणला?" तो म्हणला, "आता काय सांगू भाऊ."

पाहा, मलाबी भाऊच.

मुंबईला विमानतळाच्या मालाच्या फाटकात मी जीप घेऊन गेल्तो. पेटीसंगं सुखदेव आल्ता. तवा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. दाढी वाढलेली, अंगात स्वेटर, मुंबईच्या गरमीत. साहेबानं कागद चाळले आणि विचारलं, "मृताचा भाऊ कोण?"

मी म्हणलो, "मी."

साहेबानं कागदात पाहिलं. म्हणला, "भाऊ तर हे आहेत. तुम्ही कोण?"

मंडळी, तुमच्यावर अशी पाळी येऊ नये. तुमच्या पाठच्या भावाची पेटी समोर ठेवलेली हाये आणि तुम्हाला विचारून राह्यलेत, तुम्ही कोण? सुखदेव म्हणला, "साहेब, हे थोरले." साहेब म्हणला, "कागदावर नाव तुमचं आहे, सही तुम्ही करा." त्यानं सही केली. माझा भाऊ दुसऱ्यानं सोडवून घेतला, आणि मी जीपचं फाळकं उघडून उभा राह्यलो.

वाटेत त्यानं रंगनाथची पिशवी माझ्याकडं दिली. कपडे, कंगवा, मायला घेतलेली शाल. आणि एक चष्मा. मी म्हणलो, "हा कोणाचा? आमच्या रंगनाथला चष्मा नव्हता." तो म्हणला, "त्याचाच हाये. लय दिवस झाले. मायला काळजी लागंल म्हणून फोटो काढताना काढून ठेवायचा. सुट्टीवर येतानाबी माझ्याकडं देऊन यायचा."

लेकरू असताना त्याच्या पायात काटा मोडला तर मी काढायचो. कोणत्या डोळ्यानं कमी दिसतं हे मला माहीत न्हाई, आणि केदारखेड्याच्या माणसाला माहीत हाये! मी चष्मा खिशात घातला. सुखदेव म्हणला, "भाऊ, एवढा चष्मा माझ्याकडं राहू दिला तर?" मी म्हणलो, "न्हाई."

घरी आल्यावर मायनं तोंड पाहिलं. आणि मंडळी, पेटीवरून उठली ती माझ्याकडं न्हाई आली. सुखदेवकडं गेली. त्याचे दोन्ही हात धरले. "तू व्हता ना रे त्याच्यापाशी? त्या दिवशी काय खाल्लं त्यानं? काही म्हणला का?" सुखदेव सांगू लागला. सकाळी दोघांत मिळून भाकर खाल्ली, वरून लोणचं. रंगनाथ म्हणला, औंदा सुट्टीत घराला गिलावा करीन. माय ऐकत राह्यली. पुन्हा पहिल्यापासून विचारायची, हा पुन्हा सांगायचा. मी तिथंच उभा व्हतो. मला कोण विचारणार? मला काय ठाऊक व्हतं?

खांदा द्यायची वेळ आली. पुढून उजवा माझा. डावा त्यानं घेतला, कोणाला न विचारता. आता आपल्या भागात त्या काळात काय चालायचं ते इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगायची गरज न्हाई. कोणाकोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा जयभीमवाला आणि खांद्याला कसा? मायनं एकदा मागं वळून पाहिलं, तशा त्या आठ्या गेल्या. माझ्याबी कपाळाला आठी व्हती. ती दुसरी व्हती. मला वाटलं, सहीबी यानंच केली, मायबी यानंच घेतली, आता खांदाबी हाच घेतो.

हे झालं. पण काम संपलं नव्हतं. कंपनी म्हणत व्हती, तुमचा माणूस त्याच्या चुकीनं पडला. सुखदेव परत मस्कतला गेला आणि तिथल्या कोर्टात उभा राह्यला. म्हणला, फळी सडकी व्हती, आम्ही दोघांनी मुकादमाला सांगितल्तं. निकाल आपल्या बाजूनं लागला, आणि कंपनीनं सुखदेवला विमानात बसवून दिलं. त्याची दुबई संपली. माझ्या भावासाठी त्यानं पोटावर पाय मारून घेतला. लोक मला सांगायचे, "केवढं केलं हो त्यानं तुमच्यासाठी." मी म्हणायचो, हो. मनात म्हणायचो, मला तिथं जायला मिळालं असतं तर मी केलं नसतं का? पण मला कोण नेणार? मी कागदावर भाऊच नव्हतो.

भरपाई मंजूर झाली ती आमच्या सुमनची. रंगनाथच्या बायकोची, लेकराची आणि मायची. पण कागदं म्हणत व्हती, मयताचा भाऊ सुखदेव. त्याच्याच सहीनं सगळं झालेलं, म्हणून कंपनी म्हणायची, पैसे भावाच्या हातात देऊ. जालन्याचे वकील म्हणले, वारस दाखला काढावा लागंल, आणि हा भाऊ कोण हे कोर्टात साफ करावं लागंल. त्याला आणा. त्यानं शपथेवर सांगायचं, मी भाऊ न्हाई. त्याबिगर सुमनच्या हाती काही पडत न्हाई.

मी वकिलाला विचारलं, "आणि खऱ्या भावाचं काय?" वकील म्हणला, "बायको, लेकरू, आई असताना भावाला कायद्यात काही नाही." म्हणजे पाहा, ज्या भाऊपणावरून मी जळून राह्यलो व्हतो, त्याला कायद्यात काडीची किंमत नव्हती. ना माझ्या, ना त्याच्या.

तरी खरं सांगू? मला आनंद झाला. म्हणलं, आता हा आपल्या तोंडानं सांगंल.

मी केदारखेड्याला येऊन त्याला घेऊन गेलो. एसटीत शेजारी बसून त्याला शिकवलं. "दुसरं काही बोलायचं न्हाई. मी मयताचा कोणी लागत न्हाई, एवढंच." तो खिडकीतून बाहेर पाहून राह्यला व्हता. म्हणला, "हाव, बराबर."

आधी मला पिंजऱ्यात उभं केलं. साहेबांनी विचारलं, "मयताला भाऊ किती?" मी मोठ्यानं म्हणलो, "एकच. मी."

मंग सुखदेव. आमच्याच वकिलानं विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?"

तो म्हणला, "भाऊ."

सगळं कोर्ट त्याच्याकडं पाहू लागलं. वकील घाबरला. म्हणला, "नीट सांगा. सख्खे?"

"न्हाई."

"चुलत?"

"न्हाई."

"मावस? मामे? आते?"

"न्हाई, न्हाई."

"मग कोण?"

सुखदेवनं वर पाहिलं. पंखा फिरत व्हता. साहेब म्हणले, "अहो, नातं काय ते सांगा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्याला वाटलं मी काहीतरी म्हणीन. कोर्टात मधी बोलता येत न्हाई, मंडळी. सुमन बाकावर बसल्याली, मांडीवर लेकरू. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणला, "कोणी न्हाई साहेब. मयताचा मी कोणी लागत न्हाई."

टंकलेखकानं ते टाईप केलं. खटखट खटखट. जे ऐकायला मी केदारखेड्यापासून त्याला घेऊन आल्तो, ते ऐकलं. आणि मला कसं झालं सांगू? जेवणाच्या ताटात कोणी खडा टाकावा तसं झालं.

बाहेर टपरीवर चहा घेतला. त्यानं बशीत ओतला आणि प्यालाच न्हाई. म्हणला, "बराबर बोललो ना, भाऊ? तुमच्या भावाचं काम झालं ना?"

तुमच्या भावाचं. त्या दिवसापर्यंत तो "आपला रंगनाथ" म्हणायचा. आपला रंगनाथ असा झोपायचा, आपला रंगनाथ पालीला भ्यायचा. मला त्या "आपला"चा राग यायचा. त्या चहापासून पुढं त्याच्या तोंडून "आपला" आलं न्हाई. तुमचा भाऊ. तुमचा रंगनाथ. माझा मला परत दिला. पण ज्यानं दिला त्याच्याच तोंडात तो जास्त चांगला दिसायचा, त्याला मी काय करू?

सुमनचं काम झालं. तिनं घर दुरुस्त केलं, आणि रंगनाथचा राहिल्याला गिलावा सुखदेवनं केला. मजुरी देऊ लागलो. मला वाटलं घेणार न्हाई. बराबर घेतली! मोजून घेतली आणि हसला. म्हणला, "कोर्टात लिहून दिलंय भाऊ, कोणी लागत न्हाई. फुकट कसं करू?" त्याची जीभ अशी व्हती. शांताबाईला माहीत हाये, तिनं जन्मभर त्याच्यासंगं संसार केलाय.

माय व्हती तवर दर दिवाळीला करंज्यांचा डबा केदारखेड्याला जायचा. माय माझी, दळण माझं, डबा न्यायला मी. आणि डबा याचा. जाताना वाटेत मी त्यातल्या करंज्या खायचो. शांताबाई, तुम्हाला दरसाल डबा जरा रिता वाटला असंल तर तो मी.

तो जायच्या आधी दवाखान्यात त्याला भेटायला गेल्तो. आवाज बसला व्हता. म्हणला, "चष्मा हाये का अजून?"

म्हणलो, "हाये."

"द्या ना मला."

"न्हाई."

हसला. खोकला येईपर्यंत हसला. म्हणला, "देऊ नका. एकदा दाखवा तरी." मी म्हणलो, पुढच्या बारी येतो तवा आणतो. पुढची बारी ही अशी आली.

आणलाय. हा पाहा. मी एकदा लावून पाहिला व्हता. नंबर जुळत न्हाई. सगळं धुरकट दिसतं.

आता मी बसतो. पण एक राहिलंय. कोर्टात साहेबांनी मला एक विचारल्तं, आणि मी जे उत्तर दिलं ते कागदावर तसंच पडून हाये. आता तो कागद कोणी बदलणार न्हाई. पण भंतेजी, तुम्ही साक्षीला हायेत, सरपंचसाहेब हायेत, एवढी मंडळी हाये. मला परत विचारा. मयताला भाऊ किती?

दोन, साहेब. दोन.

थोरला मी. तेवढं लिहून घ्या, ते मी सोडणार न्हाई.

मंडळी, आता उठा. दोन मिनिटं गुमान उभं राहू. तवर हा चष्मा मी इथं फोटोपाशी ठेवतो. आनंद, तू मागू नको. दोन मिनिटं झाली की मी परत घेऊन जाणार हाये.

जयभीम, सुखदेव. आपल्या रंगनाथचा हाये. नीट पाहून घे.